कविता ऐकणारी माणसं

(दृश्य: गोव्यातलं फोंडा. पावसाळ्यातला रविवार, दुपार. वाचनालयाची माडी.)

फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या माडीवर पंधरा-सोळा माणसं गोल करून बसली आहेत. कुणी डिचोलीहून बसने आलं, कुणी केप्याहून स्कूटरवर. जिन्यात रेनकोट निथळत आहेत. समोर व्यासपीठ नाही, माईक नाही, सत्काराची शाल नाही. प्रत्येकाच्या पिशवीत एक वही मात्र आहे. ती वही घरातल्या कुणी उघडून बघितलेली असेलच असं नाही.

यांत शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. बसचा एक कंडक्टर आहे, बँकेत कॅश सांभाळणारे एक काका आहेत, बारावीतली एक मुलगी आहे. एक जण डिचोली तालुक्यात खाणीवर होता. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या, त्याची नोकरी गेली आणि त्याच वर्षी त्याने पहिली कविता लिहिली. नावं आम्ही मुद्दाम सांगत नाही. यांच्यातल्या बहुतेकांचं पुस्तक निघालेलं नाही, आणि निघावं म्हणून ते इथे येतही नाहीत. ते येतात ते लिहिलेलं कुणीतरी नीट ऐकावं म्हणून.

(दृश्य: चोडणची फेरीबोट रायबंदरच्या धक्क्याकडे येताना.)

चोडण बेटावरून रोज फेरीने कामाला जाणारा एक तरुण या गोलात बसतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने चार ओळी वाचल्या होत्या. त्या अशा:

फेरीबोट धक्क्या लागे
धुके नदीत उतरे
माझ्या मनाच्या आकाशी
आठवण तुझी येते

ओळी आठ-आठ अक्षरांच्या, अष्टाक्षरी बरोबर सांभाळलेली. ऐकणारे क्षणभर गप्प राहिले. मग बाईंनी विचारलं, “कुणाची आठवण रे?” तो म्हणाला, “आईची. ती पहाटे उठून डबा करते.” कॅशियर काकांनी विचारलं, “डब्यात काय असतं?” तो हसला. “भाजी. ऑफिसात पोचेपर्यंत ऊन असते.” बाई म्हणाल्या, “मग हेच लिही ना.”

मनाचं आकाश काढून टाक, असं त्याला कुणी सांगितलं नाही. आठवण हा शब्द जुना झाला, असंही कुणी म्हटलं नाही. त्यांनी फक्त त्याच्या आयुष्याबद्दल विचारलं. पुढच्या बैठकीला तो या ओळी घेऊन आला:

फेरीबोट धक्क्या लागे
धुके नदीत उतरे
तुझ्या डब्यातली भाजी
अजूनही ऊन आहे

यावर गोलातून जो आवाज उठला तो खास गोव्याचा: “परत म्हण मरे!” त्याने परत म्हटली. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला शेवटची ओळ सगळ्यांनी त्याच्याबरोबर म्हटली.

नवख्या कवीला कशाची गरज असते, याचं माझ्या मते याहून चांगलं उत्तर नाही. “खूप छान” हे दोन शब्द प्रेमाने म्हटलेले असतात, पण ते कुठल्याही कवितेला लागू पडतात, त्यामुळे त्या एका कवितेला ते पोचत नाहीत. कवीची ओळ त्याच्याच शब्दांत त्याला परत ऐकू आली, की आपलं लिहिणं दुसऱ्याच्या आत गेलं हे त्याला कळतं. असं एकदा कळलेला माणूस सहसा लिहिणं सोडत नाही.

(दृश्य: टेबलावर बोटांनी ठेका धरणारे हात. वहीत लघु-गुरूच्या खुणा.)

इथे शिकवलंही जातं, आणि ते शिकवणं फार हळुवार असतं. गणिताचे एक निवृत्त सर गझलेची लगावली, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतात. गालगागा, गालगागा, गालगा. गा म्हणजे दोन मात्रा, ल म्हणजे एक. सात आणि सात आणि पाच, एकूण 19. ओळीत 20 झाल्या की बोट अडखळतं, आणि कुठे अडखळलं ते लिहिणाऱ्यालाच आधी कळतं. सरांना बोलावंच लागत नाही.

एकदा एका मुलाने गझल आणली. काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, होते वारा, तारा, किनारा. चौथ्या शेरात आला दुरावा. शेर तर सुरेख, गझलेतला सर्वांत चांगला. सरांनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, “हा शेर या गझलेचा नाही. वेगळा काढून ठेव. त्याची स्वतःची गझल होईल.” तो मुलगा आता त्या एका शेराभोवती नवी गझल बांधतो आहे. चूक तर सांगितली गेली, पण तो घरी गेला तो हातात काहीतरी मिळाल्यासारखा.

मराठी गझलेला ही शिकवण्याची परंपरा मुळापासून आहे. सुरेश भटांनी नव्याने लिहिणाऱ्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. विदर्भातला असो की गोव्यातला, गझल लिहू पाहणाऱ्या पोराला काफिया, रदीफ, मतला ही गझलेची अंगं त्यातून समजली.

त्याआधीही मराठी कवी एकमेकांच्या आधाराने उभे राहिले. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या 16-17 वर्षांच्या मुलाने कविता म्हटली. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं, आणि पुढे सगळा महाराष्ट्र त्याला त्याच नावाने ओळखू लागला. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ उभं राहिलं, तेही रविवारी चहाला जमून एकमेकांच्या कविता ऐकणाऱ्या मित्रांमधूनच. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही नावं आज पाठ्यपुस्तकात आहेत. त्या चहाच्या टेबलाशी ती माणसंही आजच्या या गोलासारखीच समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत वाचत असणार.

(दृश्य: केळशी गाव. नंतर राचोलची सेमिनरी, बाहेरून.)

गोव्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. इथे मराठी कवितेला कागदापेक्षा कानाने जास्त सांभाळलं. केळशीच्या कृष्णदास शामांनी 1526 साली ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ लिहायला घेतली. 1616 साली राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सुमारे 11 हजार ओव्या, आणि त्या चर्चमध्ये मोठ्याने म्हटल्या जात. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचं फर्मान काढलं. फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला तो बऱ्याच उशिरा, 1763 मध्ये. जुन्या काबिजादीतून, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातून, हलवलेले देव अंत्रुजात, म्हणजे या फोंडा भागात, वस्तीला आले, आणि त्यांच्याबरोबर कीर्तन, भजन, आरत्या आल्या. देवळाच्या चौकात एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, ही सवय इथल्या माणसाच्या अंगात तेव्हापासूनची आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरती म्हणणारं घर एकदा बघितलं, की इथल्या कविसभेत शेवटची ओळ सगळेच का म्हणतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

(दृश्य: बोरीचा पूल, झुआरी नदी.)

इथून जवळच बोरी आहे. बा. भ. बोरकरांचं गाव. जन्म कुडचड्यात, 30 नोव्हेंबर 1910 रोजी, आणि ‘प्रतिभा’ हा पहिला संग्रह 1930 सालचा. म्हणजे विशीच्या आत-बाहेरचा, शाळेत शिकवणारा एक तरुण. बाकीबाब, म्हणजे बोरकर, कविता गाऊन म्हणत. ज्यांनी त्यांना ऐकलं ते त्यांच्या आवाजाबद्दल अजून बोलतात, आणि गोव्यातल्या कुठल्याही नवकवीला कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, “बाकीबाब वाचलेस?” प्रश्नात थोडा दरारा असतो, पण वडिलकीची मायाही असते.

बोरकरांनी मराठीत लिहिलं आणि कोकणीतही. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना ‘सासाय’ या कोकणी संग्रहासाठी मिळाला. शंकर रामाणीही दोन्ही भाषांत लिहीत. या गोलात घरी कोकणी बोलून मराठीत कविता लिहिणारेच जास्त आहेत. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे गोव्यात मराठी की कोकणी यावरून जे झालं त्याच्या जखमा जुन्या पिढीत अजून आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. म्हणूनच या माडीवर दर बैठकीला कुणीतरी कोकणी कविता वाचतं आणि बाकीचे तिला तितकीच दाद देतात, याचं मला फार मोल वाटतं. ठराव करून हे झालेलं नाही. एका ताईंनी एकदा सासूवरची कविता कोकणीतून वाचली, ती सगळ्यांना आवडली, आणि पुढे ते चालूच राहिलं.

(दृश्य: मोठ्या सभागृहातलं संमेलन, रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या.)

मोठ्या संमेलनांमधली खुली कविसंमेलनं आम्ही बघितली. चाळीस कवी, प्रत्येकाला तीन मिनिटं, सूत्रसंचालकाचं लक्ष घड्याळाकडे. आपली कविता झाली की माणूस उठतो, आणि शेवटच्या कवीसमोर उरतात खुर्च्या आणि आयोजक. त्या शेवटच्या कवीनेही रात्र जागून कविता लिहिलेली असते. ही रीत बदलायला हवी. वेळ कमी असेल तर कवी कमी बोलवावेत, पण आलेल्याने शेवटपर्यंत बसावं. या माडीवरचा एकमेव नियम तोच आहे: शेवटचा वाचून होईपर्यंत कुणी उठत नाही. चहा आणि कापाची भजी त्यानंतर येतात.

दोन बैठकांच्या मधे कविता फोनवरून फिरतात. रात्री दहानंतर, घरातली कामं आटोपल्यावर. कुणी टाईप करून पाठवतं, कुणी स्वतःच्या आवाजात म्हणून. कंडक्टर भाऊ शेवटच्या फेरीनंतर डेपोत बसून ऐकतो आणि आवडलेली ओळ तेवढी परत लिहून पाठवतो, बाकी काही नाही. काही खटकलं तर मात्र ते सगळ्यांसमोर लिहायचं नाही, त्या माणसाला फोन करायचा. बाईंचा हा आग्रह. त्या म्हणतात, “दाद चारचौघांत द्यावी, दुरुस्ती कानात सांगावी.” शाळेत चाळीस मुलांसमोर एकाचा निबंध वाचून हसू झालं की तो मुलगा पुन्हा लिहीत नाही, हे त्यांनी वर्गात बघितलेलं आहे.

खाणीवर काम केलेला तो माणूस पहिल्या बैठकीला आला आणि काही न वाचता गेला. दुसऱ्या बैठकीलाही तसंच. त्याला कुणी घाई केली नाही. तिसऱ्यांदा त्याने वही बाईंच्या हातात दिली आणि म्हणाला, “तुम्हीच वाचा, माझा आवाज येणार नाही.” बाईंनी वाचली. लाल धुळीने माखलेल्या माडांवर, बंद पडलेल्या ट्रकांवर, रिकाम्या दुपारी घरी बसलेल्या बापाकडे बघणाऱ्या मुलीवर. वाचून झाल्यावर बारावीतली मुलगी म्हणाली, “काका, ती मुलगी बापाला काय म्हणते ते लिहा ना पुढे.” त्याने लिहिलं. आता तो स्वतः वाचतो, आणि आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो.

(दृश्य: बैठक संपतेय. वह्या पिशवीत. भज्यांची ताटली फिरते आहे.)

पुढची बैठक डिचोलीला, चवथीच्या आधी. तिथे स्वतःची कविता वाचायची नाही, असं ठरलंय. प्रत्येकाने या गोलातल्याच दुसऱ्या कुणाची तरी एक कविता पाठ करून यायचं. कंडक्टर भाऊने बारावीतल्या मुलीची कविता उतरवून घेतली आहे, तिने खाणीवरच्या काकांची. गझलवाल्या मुलाने सरांची निवडली, आणि सर त्याला मात्रा मोजून म्हण असं बजावत आहेत. बाईंचं अजून ठरत नाही. त्यांना दोन कविता हव्या आहेत, आणि दोन चालतील का म्हणून त्या सगळ्यांना विचारत फिरताहेत.