एटीव्हीचा ड्राइव्ह क्लच काढताना टॉमी लांब ठेवा

हा तुकडा बघा. कॅमेरा जरा जवळ घे रे. ॲल्युमिनियमची पुली आहे, कडेला नखाएवढा टवका उडालाय. एटीव्हीच्या, म्हणजे खडबडीत रस्त्यांवर आणि वाळूत चालणाऱ्या चारचाकी हँडलवाल्या गाडीच्या, ड्राइव्ह क्लचची पुली, आणि टवका उडवणारा शहाणा मीच. पहिल्यांदा क्लच काढायला बसलो तेव्हा पुलर, म्हणजे क्लच रेटून काढायचा लांब बोल्ट, नव्हता. दोन बाजूंनी दोन टॉमी, म्हणजे उचकटायच्या लोखंडी पहारी, घातल्या आणि दिला जोर. क्लच जागचा हलला नाही, पुली मात्र कामातून गेली. नवा क्लच केवढ्याला पडला ते घरी अजून सांगितलेलं नाही.

तर आज समोर आहे पोलारिस स्पोर्ट्समन ५७०. एकच सिलिंडर, ५६७ सीसी, ४४ हॉर्सपॉवर. ज्यांनी गिअरलेस स्कूटर खोललीय त्यांना आतलं निम्मं माहीत आहे. आपल्याकडे किनेटिक होंडा आली १९८४ मध्ये, तेव्हापासूनचे फिटर हे झोपेतही सांगतील: इंजिनची रेस वाढली की वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. ॲक्टिव्हात हे काम रोलर करतात, इथे तीन वजनं करतात. फरक एवढाच की स्कूटरला गाडी ‘धरायला’ मागे वेगळा शू क्लच असतो. इथे तो नाही. रेस दिली की ही पुढची पुलीच बेल्टला चिमटीत पकडते, म्हणून तिला क्लच म्हणायचं.

आता खोलू. इंजिन थंड, गाडी पार्कमध्ये, चावी माझ्या खिशात. कव्हर काढलं. बेल्टवरची अक्षरं कुठल्या दिशेला आहेत त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, नंतर आठवणीवर विसंबू नका. मागची पुली फाकवून बेल्ट काढला. मधला बोल्टही काढला. आणि क्लच? ढिम्म.

कारण इथे सगळी पकड टेपरची आहे. क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या दांड्याचं, टोक गाजरासारखं निमुळतं, क्लचचं भोकही तसंच. जात्यात ठोकलेल्या खुंट्यासारखा तो बसलेला असतो. त्याला बाजूने उचकटलंत तर माझ्यासारखं होईल. मधोमध सरळ रेटा द्यायला हवा, आणि तोच पुलरचा उपयोग. पुलर नेमका तुमच्या मॉडेलचाच घ्या. ‘साधारण असाच असतो’ म्हणून कुणी भलताच हातात देईल, तो आत फसला की आट्यांची वाट लागते.

पुलरच्या टोकाला थोडं ग्रीस, आटे हाताने पूर्ण बसवले, मग पाना. क्लच धरायला होल्डिंग टूल आहे, पुलीच्या फटीत पेचकस घालू नका. घट्ट केलं... थांबलो. पुलरच्या डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी. पुन्हा पाव फेरा. ऐका हं.

(ठण्ण!)

सुटला. पहिल्यांदा हा आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं क्रँकच तुटला. खाली हात ठेवा, पायावर पडला तर चांगलाच लागतो.

आता ‘अपग्रेड’. बाजारात किट म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा वजनं आणि स्प्रिंग. त्याने हॉर्सपॉवर वाढत नाही. इंजिन कुठल्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर, राहील एवढंच बदलतं. वजनाचा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वजन १० टक्के हलकं केलं तर तेवढ्याच जोरासाठी आरपीएम साधारण ५ टक्के जास्त लागतो. जिथे ६०००ला काम होत होतं तिथे ६३००. मोठे, जड टायर टाकलेत आणि गाडी उचलत नाही? तर हलकी वजनं कामाची. स्प्रिंग कडक घातली की क्लच उशिरा धरतो, दगडाधोंड्यांत हळू चालवताना ते झटके नकोसे होतात. तिन्ही वजनं एकदम बदला, काट्यावर तोलून. एकात फरक राहिला तर क्लच थरथरतो.

नुसती वजनं आणि स्प्रिंग बदलायला बऱ्याचदा क्लच उतरवावाही लागत नाही, हे दुकानदार सांगणार नाही. उतरवायचा तो आतले घासणारे छोटे तुकडे, म्हणजे बटणं आणि बुश, झिजले किंवा पुलीला खाच पडली तर.

किनाऱ्यावर राइड चालवणाऱ्या मंडळींना माझं स्पष्ट मत सांगतो: तुम्हाला किट नको, लो गिअर हवा. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय की ताशी साधारण ११ किलोमीटरच्या खालच्या कामाला लो वापरा. वाळूत पर्यटक मागे बसवून हायमध्ये रांगत चालता, बेल्ट घसरून तापतो, आणि शिव्या क्लचला.

बसवताना टेपर दोन्हीकडून ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा ठक्क करा. तिथे ग्रीस अजिबात नाही, ‘परत सहज निघावा’ म्हणूनसुद्धा नाही, पकड कोरड्यावरच आहे. क्लच खोलला असेल तर क्लचचं कव्हर, स्पायडर (मधला तीन हातांचा तुकडा) आणि पुलीवरच्या फुल्या एका रेषेत आणा. बोल्ट टॉर्क पान्यानेच, आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून. बेल्ट फोटोत होता तसाच.

कव्हर लावल्याशिवाय रेस देऊन बघायचा मोह होतो, मलाही होतो. बेल्ट तुटला तर तो थेट तोंडावर येतो. कव्हर लावलं, हा शेवटचा स्क्रू. बाजूला हो रे, चालू करतो.