रेडिएटर गळतोय? ओतण्याआधी शोधा

नमस्कार. गाडीखाली हिरवट किंवा गुलाबी ओघळ दिसला, की गळती बंद करणारे द्रव आणून रेडिएटरमध्ये ओतण्याचा मोह होतो. माझी कळकळीची विनंती आहे, की आधी गळतीची जागा शोधावी. कारण होजचा सैल क्लॅम्प किंवा झिजलेला वॉटर पंप यांतून ठिबकणारे कूलंटही (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गाडीच्या पुढच्या भागाखालीच साचते आणि दोष मात्र रेडिएटरला लागतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरच्या कॅपला (झाकणाला) हात लावू नका. गरम इंजिनात साधारण १ बार जादा दाब असतो व त्यामुळे कूलंट १०० अंशांपुढेही उकळत नाही. कॅप उघडताच दाब उतरतो आणि ते उसळून अंगावर येते. विजेचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फिरू लागतो, म्हणून त्याचा कनेक्टर काढून ठेवा.

आता कॅपच्या जागी प्रेशर टेस्टर (दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप) बसवा आणि कॅपवर छापलेल्या दाबाइतकाच दाब द्या. काटा उतरू लागला, तर टॉर्चच्या उजेडात ओल किंवा वाळलेल्या कूलंटचा थर शोधा. बाहेर सर्व कोरडे असूनही दाब उतरत असेल, तर संशय हीटरच्या कोअरवर (गाडीच्या आतील हवा गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरवर) किंवा हेड गॅस्केटवर (इंजिनाचा ब्लॉक व हेड यांमधील सीलवर) जातो आणि रेडिएटर बदलून काहीही साधत नाही.

गळती रेडिएटरचीच निघाली, तर तो कशाचा आहे ते पाहा. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला कारागीर झाळ देऊन वर्षानुवर्षे टिकेल असे काम करतो. हल्ली मात्र ॲल्युमिनियमच्या कोअरला (मधल्या जाळीदार भागाला) प्लास्टिकच्या टाक्या गॅस्केट घालून दाबून बसवलेल्या असतात. अशा टाकीला तडा गेल्यावर लावलेले इपॉक्सी गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरतेच समजावे, कारण तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेरीत तडा पुन्हा ताणला जातो. माझ्या मते तेथे रेडिएटर बदलणेच योग्य. गळतीरोधक द्रवाने हीटरच्या बारीक नळ्याही तुंबू शकतात, म्हणून तो उपाय मी सुचवत नाही.

जुने कूलंट भांड्यात धरा. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. नवे कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच भरा, पंख्याचा कनेक्टर परत जोडा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवत अडकलेली हवा काढा. इंजिन पुन्हा निवल्यावर पातळी तपासून टेस्टर एकदा परत लावा. काटा स्थिर राहिला, तरच गाडी रस्त्यावर काढा.