राक्षसाच्या पोटातली वीस मिनिटं

[दृश्य: वाशी. विष्णुदास भावे नाट्यगृहाचा मागचा दरवाजा. टेम्पोतून पेटारे उतरतायत.]

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत खेळ केला, तिथून मराठी रंगभूमी मोजली जाते. त्या तऱ्हेच्या नाटकांत राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत यायचा. मशालीवर राळ, म्हणजे झाडाच्या चिकाची पूड, उडायची, भप्पकन जाळ व्हायचा आणि मंडपभर धूर पसरायचा. कोकणातल्या दशावतारात संकासुर हा राक्षस आजही तसाच थेट लोकांत शिरतो. त्यामुळे अद्भुताचा जिवंत खेळ आपल्याला परका नाही.

अमेरिकेत ऑरलँडोला २२ मे २०२५ रोजी ‘एपिक युनिव्हर्स’ हे मनोरंजन उद्यान उघडलं. त्यातल्या ड्रॅगनांच्या बेटावर पाळणे आहेत, तसा नटांनी रंगवलेला खेळही आहे. ते व्हिडिओ पाहिले की इकडेही विषय निघतोच: ठाणे खाडीच्या काठी अशी एखादी कल्पनानगरी झाली, तर तिच्यात काय बघायला मिळेल?

आमचं लक्ष मात्र आधी नकाशाकडे जाईल. बुरूज आणि कमानी नंतरही रंगवता येतात. नटाची खोली, त्याची वाट आणि त्याची सावली नंतर घालता येत नाही.

[दृश्य: फोमचं राक्षसाचं डोकं, जवळून. तोंडाच्या जाळीतून दिसणारे माणसाचे डोळे.]

हा नट बघतो ते राक्षसाच्या डोळ्यांतून नाही, तोंडातल्या जाळीतून. समोरचं थोडंफार दिसतं. पायाशी आलेलं मूल दिसत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या सोंगाबरोबर एक सोबती चालतो, तोच त्याचे डोळे. दोघांच्या खुणा आधीच ठरलेल्या असतात: थांब, पाणी, आणि सगळ्यात महत्त्वाची, ‘मला आत ने’. ही तिसरी खूण मिळाली की सोबत्याने फोटोची रांग तोडायची. रांगेतल्यांना वाईट वाटेल, पण ती तोडायचीच.

कारण उष्णता. फोम, लोकर आणि फायबर मिळून पोशाख सहज दहा किलोंच्या वर जातो. नवी मुंबईत मे महिन्यात हवा इतकी दमट असते की उघड्या अंगावरचा घामही वाळत नाही. पोशाखाच्या आत तर हवाच हलत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. आधी चक्कर, मग गोंधळलेलं बोलणं, आणि तिथेही थांबलं नाही तर उष्माघात. म्हणून हिशोब असा: वीस मिनिटं बाहेर लोकांत, चाळीस मिनिटं आत गार खोलीत. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात राक्षस सतत दिसायला हवा असेल, तर वीस-वीस मिनिटांच्या चोवीस पाळ्या होतात. एकाच्या वाट्याला आठ. म्हणजे एका राक्षसामागे तीन नट आणि चौथा राखीव. चौघं जवळपास एकाच उंचीचे हवेत, नाहीतर पोशाखाचा गुडघा माणसाच्या पोटरीवर येतो आणि चाल बिघडते. पैसे वाचवायला दोनच नट नेमले, तर राक्षस दुपारीच दिसेनासा होतो.

गार खोली राक्षसाच्या वाटेपासून शंभर पावलांच्या आत हवी, आणि तिचं दार मोजून काढलेलं. मिटलेले पंख साडेचार फूट भरत असतील, तर तीन फुटी दारातून ते जात नाहीत. मग नट उन्हात उभा राहून पंख सोडतो. पोरं ते बघतात, आणि राक्षस तिथेच संपतो.

[दृश्य: ऐरोली, खाडीकिनारा. दुपारचा वारा. धुराचं यंत्र सुरू. धूर आडवा होऊन निघून जातो.]

हा खाडीचा वारा. दुपारनंतर पश्चिमेकडून येतो आणि उघड्यावरचा धूर टिकू देत नाही. जमिनीवर रेंगाळणाऱ्या धुक्यासाठी सुका बर्फ वापरतात. तो उणे ७८.५ अंशांवर असतो. गरम पाण्यात टाकला की दाट पांढरा लोट जमिनीलगत पसरतो. बंद जागेत तो सुंदर दिसतो आणि तिथेच तो धोक्याचाही असतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात, तळघरात साठतो. रंगमंचाखालच्या चोरदारात नट दबा धरून बसला असेल, तर तिथे हवा खेचणारा पंखा हवाच.

नट हवेत उडणार असेल, तर तार वजनाच्या दहापट ताकदीची धरतात. खाऱ्या हवेत साधं पोलाद लवकर गंजतं. म्हणून रोज पहिल्या प्रयोगाआधी तारेवरून फडकं फिरवायचं. एखादा तंतू जरी तुटला असेल, तरी फडकं तिथे अडकतं. अडकलं तर त्या दिवशी उड्डाण नाही.

आता जाळ. राळेचे आपण वारसदार, त्यामुळे ड्रॅगनच्या तोंडून आग हवीच, असं वाटणारच. पण ११ मे २०१८ रोजी फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम उद्यानात मिरवणुकीतल्या ड्रॅगनचं डोकंच पेटलं. २२ एप्रिल २०२३ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये साधारण ४५ फुटी यांत्रिक ड्रॅगन भर प्रयोगात जळाला. तो खेळ वर्षभरानंतर परतला, ड्रॅगनशिवाय. खाडीच्या वाऱ्यात आमचं मत स्पष्ट आहे: केशरी दिवा आणि पाण्याची वाफ. लांबून फरक फारसा कळत नाही, आणि आत माणूस असतो.

[दृश्य: मावळता सूर्य. भिंतीवर प्रोजेक्टरची फिकट प्रतिमा, हळूहळू गडद होत जाणारी.]

प्रोजेक्टरचं चित्र अंधाराशिवाय उमटत नाही. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातनंतर. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचे लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद. हिवाळ्यात साडेसहा ते दहा असे साडेतीन तास मिळतात, जूनमध्ये जेमतेम सव्वादोन. शिवाय तेव्हा पाऊस. म्हणून जून ते सप्टेंबरसाठी छताखालचा वेगळा प्रयोग पहिल्या दिवसापासून लिहिलेला आणि तालीम केलेला हवा. उघड्यावरचाच खेळ छपरात कोंबला, की उडणारा नट तुळईला लागतो.

लांब गल्लीत आवाजाचीही काळजी घ्यावी लागते. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. ७० मीटर लांबच्या कर्ण्याचा आवाज आपल्यापर्यंत सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने उशिरा पोहोचतो, आणि जवळच्या कर्ण्याशी मिसळून संवादाचा गलका होतो. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या प्रत्येक कर्ण्याला मोजून उशीर द्यायचा.

[दृश्य: रात्र. रिकामी वाट. रंगपटात दिवा चालू.]

दहा वाजले. प्रेक्षक गेले. राक्षसाचं डोकं उलटं करून स्टँडवर ठेवलंय, मानेच्या भोकातून पंख्याचा झोत आत जातोय. अस्तर वेगळं निघतं, ते धुवायला गेलं. आतल्या फोमवर स्पिरिटचा फवारा. सकाळी अकराला हेच डोकं चढवायचं, आणि पावसाळी हवेत फोम रात्रीत वाळत नाही. ओल राहिली की बुरशी, आणि बुरशी नटाच्या नाकाशी. म्हणून खोलीत ओल शोषणारं यंत्र चालू आहे, आणि शेजारच्या स्टँडवर अगदी तसंच दुसरं डोकं, कोरडं.