टर्बिनेरियाची वाटी

(दृश्य: टँकचा तळ. मुडपलेली पिवळी ताटली, कड जरा उजळ.)

कोबीच्या पानासारखी मुडपलेली ही ताटली म्हणजे टर्बिनेरिया रेनिफॉर्मिस. दगडी प्रवाळांमधलं चिवट जनावर. हा वंश गढूळ पाण्यातही तग धरतो. मालवणच्या समुद्रात याचीच भाईबंद प्रजाती, टर्बिनेरिया मेसेंटेरिना, वाढते.

अर्थात, तिथून उचलून आणायचं नाही. भारतात दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. आखातात, युरोपात, अमेरिकेत ज्यांचे रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचे खाऱ्या पाण्याचे टँक, आहेत, त्यांनी टँकमध्येच वाढवलेला फ्रॅग, म्हणजे तोडलेला छोटा तुकडा, घ्यावा. सुट्टीला गावी येताना मात्र तो बॅगेत नको. देशाची सीमा ओलांडायला साइटिसचा, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागतो.

(दृश्य: रिफ्रॅक्टोमीटर, मग थर्मामीटर.)

खारटपणा 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), तापमान 25 अंश सेल्सिअसच्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं साधन, 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारा नेमका 35 ला चुकू शकतो. पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून रोजची तूट आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार गाळून काढलेल्या, गोड्या पाण्याने भरायची.

नवा फ्रॅग आधी कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे काढणाऱ्या द्रावणात, बुडवा. डिपने किडे गळून पडतात, त्यांची अंडी मात्र वाचतात. म्हणून प्लगची, म्हणजे फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो त्या बैठकीची, खालची बाजू भिंगाखाली तपासा. शंका आली तर प्लगच बदला. मग तळाशी, मंद उजेडात ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर सरकवा. 100 ते 200 पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) उजेड पुरतो. रंग फिका पडला तर उजेड जास्त झाला किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट अगदीच उरलं नाही. तपकिरी झाला तर बहुधा उलट.

(दृश्य: ताटलीच्या खोलगट भागाचा क्लोज-अप. साचलेला गाळ, खाली पांढरा डाग.)

टर्बिनेरिया मरते ती इथे. समुद्रात लाटा तिची वाटी धुऊन काढतात. टँकमध्ये माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं त्याच वाटीत बसतं. खालच्या मांसाला प्राणवायू मिळत नाही, ते सडतं, पांढरा सांगाडा उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ धरतं. एकदा शेवाळ धरलं की मांस तिथे सहजी परतत नाही. उपाय साधा आहे. फ्रॅग सपाट न लावता तिरका लावायचा, गाळ घसरून जाईल असा. पंपाचा झोत थेट अंगावर नको, उलटसुलट फिरणारा प्रवाह हवा. आठवड्यातून दोनदा पिचकारीने वाटीवर पाणी मारा. अंगावर बुळबुळीत थर आला आणि पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे फुलासारखे छोटे जीव, मिटले, तरी घाबरून जागा बदलू नका. झोताने थर उडवा आणि काही दिवस वाट पाहा.

(दृश्य: केएच टेस्ट किट, वजनकाटा.)

सांगाडा बांधायला कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मॅग्नेशियम 1300 च्या आसपास आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद), म्हणजे केएच, 8 ते 9 अंश ठेवा. आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं. केएच उतरला तर 100 लिटर पाण्याला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे केएचमध्ये साधारण एक अंश वाढ. आरओ पाण्यात विरघळवून, प्रवाहाजवळ सावकाश ओता. दिवसाला एका अंशापेक्षा जास्त नको. आणि सोडाच घ्या, बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्ल असतं, बऱ्याचदा फॉस्फेटही.

(दृश्य: बोन कटर, गॉगल.)

ताटली खालच्या प्रवाळांवर सावली धरू लागली की छाटणी. डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे. कडेचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा कटरने एका दाबात तोडा, टँकच्याच पाण्यात विसळून चुरा काढा आणि सायनोअॅक्रिलेट जेलने (घट्ट सुपरग्लू) प्लगवर चिकटवा. इथेही तिरका. कापलेली कड मांसाने झाकली जाईपर्यंत तुकडा मंद उजेडातच राहू द्या, आणि जवळ खेकडा असेल तर आधी त्याला हलवा.