दोन टक्क्यांच्या बाहेरची जबाबदारी

मित्रहो,

मोबाइल उद्योगाच्या सामाजिक जबाबदारीचा विषय निघाला की कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतली छायाचित्रे पुढे केली जातात. शाळेला दिलेले संगणक, नेत्रतपासणी शिबिर, वृक्षारोपण. त्यात खोटे काही नसते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. मात्र नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून केलेले काम आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेले काम या खर्चात धरता येत नाही, असे त्याखालचे नियम सांगतात. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच आहे; नाहीतर पगारसुद्धा समाजकार्यात दाखवले गेले असते. अडचण एवढीच, की लोकांचे मोबाइलबद्दलचे बहुतेक आक्षेप व्यवसायाच्या आतले आहेत आणि जबाबदारीचे खाते मात्र व्यवसायाच्या बाहेर उघडलेले आहे.

टॉवरचेच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात टाकले आणि आपल्याकडे आधीच असलेली धास्ती वाढली. ही शक्यता मर्यादित पुराव्यावर आधारलेली होती आणि या लहरी क्ष-किरणांसारख्या आयनीकारक, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या, नाहीत, हे तेव्हाही सांगितले जात होते. तरीही सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या प्रारणाची (रेडिएशनची) मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्‌झसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॅटवरून ०.४५ वॅट झाली. हँडसेटसाठीही शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोला १.६ वॅट अशी कडक केली गेली. मर्यादा दहापट कडक होऊनही भांडणे थांबली नाहीत, आणि याचे खापर लोकांच्या अज्ञानावर फोडणे मला पटत नाही.

टॉवरवरचे उभे, लांबट अँटेना आपला झोत साधारण आडवा, किंचित खाली झुकवून सोडतात. त्यामुळे ज्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर असतो, तिच्या वरच्या मजल्यावर प्रारण तुलनेने कमी पडते आणि समोरच्या इमारतीच्या त्याच उंचीवरच्या खिडक्यांत अधिक. दरमहा भाडे मिळते ते पहिल्या सोसायटीला. झोत जातो दुसरीकडे, जिला कोणी विचारलेलेही नसते. मोजमाप मर्यादेतच आले, तरी ‘आम्हाला का विचारले नाही’ या प्रश्नाला वॅटमध्ये उत्तर देता येत नाही. ठरावीक शुल्क भरून कोणाही नागरिकाला आपल्या भागातली मोजणी करवून घेण्याची सोय सरकारने केली आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण टॉवर उभारण्यापूर्वी समोरच्यांना बोलावून आकडे मांडण्याचे काम कंपनीचे होते आणि ते क्वचितच झाले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हट्टाने टॉवर हटवला की सिग्नल क्षीण होतो, मग हातातला फोन अधिक शक्तीने लहरी सोडू लागतो, आणि फोन तर कानालाच लावलेला असतो. हे लोकांना समजावून सांगण्यातही उद्योगाचेच हित होते.

कामगारांबाबत थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरजवळ आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यातील महिला कामगारांना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. शंभराहून अधिक जणींना रुग्णालयात न्यावे लागले आणि कामगार महिला चेन्नई-बेंगळुरू महामार्गावर येऊन बसल्या. त्यानंतर काही वसतिगृहे आणि भोजनगृहे आपल्या निकषांत बसत नाहीत, हे अ‍ॅपलने मान्य केले. निकष आधीपासून होते, तपासणीची पद्धतही होती. महामार्ग अडेपर्यंत ती तपासणी त्या भोजनगृहात पोहोचली नव्हती.

सर्वांत कमी बोलले जाते ते फोनच्या शेवटाबद्दल. घरातला बंद पडलेला फोन आधी कपाटात राहतो, मग भंगारवाल्याकडे जातो, आणि तिथून दिल्लीच्या सीलमपूरमधल्या गाळ्यांत. तिथे पाठ उचकटून बॅटरी वेगळी होते, बोर्ड तापवून चिपा सुट्या केल्या जातात. उरलेले बोर्ड मुरादाबादसारख्या ठिकाणी जाळून किंवा आम्लात बुडवून तांबे आणि सोने काढले जाते. धूर कामगाराच्या छातीत जातो, आम्ल नाल्यात. २०१६ च्या ई-कचरा नियमांनी जुना माल गोळा करण्याची व्यवस्था उभारणे उत्पादकावर बंधनकारक केले होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत भर आहे तो नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांकडून, इतका ई-कचरा हाताळला अशी प्रमाणपत्रे विकत घेण्यावर. पूर्वी विकलेल्या मालापैकी किती टक्क्यांचे पुनर्चक्रण व्हावे, याची २०२३-२४ साठी ६० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के अशी लक्ष्येही आहेत. कागदावर हे नीटनेटके दिसते. पण प्रमाणपत्र घेणाऱ्या कंपनीला आपला फोन कोणत्या गाळ्यात फुटला याच्याशी कर्तव्य उरत नाही, आणि भंगारवाला तर या हिशेबात कुठेच नाही. प्रत्यक्षात घरोघरी जाऊन माल गोळा करणारा तोच आहे. त्याला नोंदणी, योग्य दर आणि हातमोजे देऊन या साखळीत घेतल्याशिवाय ही टक्केवारी खरी होणार नाही, असे माझे मत आहे. तालुक्याच्या गावापर्यंत नवा हँडसेट पोहोचवणारे वितरकांचे जाळे या कंपन्यांकडे आहेच. त्याच दुकानात जुना फोन पावती देऊन परत घेण्याचे बंधन नियमांत आले पाहिजे, आणि त्याचा खर्च २ टक्क्यांतून नव्हे, फोनच्या किमतीतून निघाला पाहिजे.