दिव्यामागचा औषधवाला

नमस्कार मंडळी. आज एका औषधवाल्याबद्दल बोलायचंय, इग्नात्सी वुकाशेविच त्यांचं नाव. रॉकेलचा दिवा आणि तेलाच्या विहिरी म्हटलं की पुस्तकात हे नाव येतं आणि ते बरोबरच आहे, पण मला हे आवडतात ते छोट्या गावातल्या औषधाच्या दुकानात उभे असलेले.

जन्म ८ मार्च १८२२ चा. आजचा दक्षिण-पूर्व पोलंड, तेव्हा तो ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. घरची ओढग्रस्ती, म्हणून शाळा सुटली आणि चौदाव्या वर्षी वांत्सुत गावातल्या औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागले. पुढे पोलंडच्या स्वातंत्र्याच्या कटात सापडले, १८४६ मध्ये अटक झाली आणि जवळजवळ दोन वर्षं तुरुंगात गेली. सुटल्यावरही पोलिसांची नजर होतीच, तरी ल्वूव शहरात (आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह) मिकोलाश नावाच्या औषधवाल्यांनी त्यांना कामावर घेतलं. हे मिकोलाश मला फार मोठे वाटतात, कारण कैदेतून आलेल्या पोराला दुकानात उभं करायचं, तेही सरकार डोळे वटारून बसलेलं असताना, हे सोपं नव्हतं.

त्याच दुकानात खरं काम झालं. त्या भागात जमिनीतून काळं तेल आपोआप पाझरायचं आणि लोक ते गाड्यांना वंगण म्हणून, जनावरांच्या खरजेवर वगैरे लावायचे, जाळलं तर नुसता धूर आणि घाण वास. वुकाशेविच आणि त्यांचे सहकारी यान झेह यांनी ते औषधासारखंच हाताळलं, म्हणजे तापवायचं, वाफ थंड करायची, पटकन पेट घेणारा हलका भाग बाजूला काढायचा, जड काळा भाग मागे ठेवायचा आणि मधला घेऊन ॲसिडने धुवून साफ करायचा. अर्क काढायची सवय असलेल्या हातांनाच हे सुचू शकतं असं मला मनापासून वाटतं. दिवा एका पत्रेवाल्याकडून बनवून घेतला, आणि ३१ जुलै १८५३ ला ल्वूवच्या इस्पितळात रात्री तातडीचं ऑपरेशन आलं ते याच दिव्यांच्या उजेडात पार पडलं. विचार करा, तोपर्यंत रात्रीचा सर्जन मेणबत्तीवर नाहीतर मिणमिणत्या तेलाच्या दिव्यावर काम करत होता.

एवढं झाल्यावर माणूस मोठ्या शहरातच राहिला असता ना? हे गेले गोर्लित्सेला. लहानसं गाव, तिथे औषधाचं दुकान चालवायला घेतलं, आणि तिथल्या रस्त्यावर, वाटेवरच्या ख्रिस्ताच्या मूर्तीपाशी, रॉकेलचा दिवा लावला. रस्त्यावर लावलेला हा जगातला पहिला रॉकेलचा दिवा मानतात. १८५४ मध्येच बुब्रका इथे भागीदारीत तेलाची खाण सुरू केली, विहिरी हाताने खणलेल्या. दोन वर्षांनी यास्वो गावाजवळ तेल शुद्ध करायचा कारखाना काढला.

मग पैसा आला, भरपूर आला, आणि इथेच माझा जीव जास्त अडकतो. खाणीतल्या कामगारांसाठी त्यांनी एक फंड काढला, मजुरीतला थोडा भाग त्यात जायचा आणि आजारपणात औषधोपचार, म्हातारपणी पेन्शन मिळायची. त्या काळात सगळेच खाणमालक असं करत नव्हते हो! रस्ते बांधले, पूल बांधले, शाळा काढल्या, पत्नी होनोराता यांच्यासोबत मुलींना लेस विणायला शिकवायची शाळासुद्धा. या दोघांची एकुलती एक मुलगी तान्हेपणीच गेली होती. १८६३ मध्ये रशियाविरुद्ध झालेल्या पोलिश उठावात हरलेले लोक जीव वाचवून आले तर त्यांनाही थारा दिला, तुरुंग स्वतः भोगलेला होता ना. लोक त्यांना ‘फादर इग्नात्सी’ म्हणायचे, धर्मगुरू नसताना.

७ जानेवारी १८८२ ला न्यूमोनियाने गेले. त्यांनी झ्रेंचिन गावात चर्च उभारायला मदत केली होती, त्याच गावात त्यांना पुरलं. २०२२ मध्ये दोनशेवी जयंती आली तेव्हा पोलंडच्या संसदेने ते सगळं वर्ष त्यांच्या नावाने जाहीर केलं. बुब्रकाला आज म्युझियम आहे, हाताने खणलेल्या जुन्या विहिरी तिथे बघायला मिळतात आणि तिथून थोडं थोडं तेल अजूनही निघतं.