खुब्याची ताकद काट्यावर मोजताना

मराठवाड्यातले आपले खेळ डोळ्यांसमोर आणा. खो-खोत पाटीवर बसलेली मुलगी 'खो' मिळताच उसळून उठते, खांबाला वळसा घालते. कबड्डीत चढाई करणारा पाय लांबवून गडी टिपतो. दोन्हीकडे भार खुब्यावर येतो आणि मग 'जांघ भरली' ही तक्रार सुरू होते. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या जिल्ह्यात आज किती मुली पाटीवर बसत असतील, याचा विचार करा. त्यांच्या खुब्याची ताकद आपण मोजतो का?

स्नायूची ताकद हाताने दाबून पाहायची आणि शून्य ते पाच गुण द्यायचे, ही पद्धत फिजिओथेरपीत सगळ्यांना माहीत आहे. दुखण्यातून उठणाऱ्या रुग्णासाठी ती चांगली आहे, पण धडधाकट खेळाडूला पाचच गुण मिळतात. एकीच्या पायात दुसरीच्या दीडपट जोर असला तरी दोघींना पाचच. म्हणून आकडा हवा.

हातात धरायचा डायनॅमोमीटर, म्हणजे जोर मोजायचं यंत्र, आकडा देतो, पण तो धरणाऱ्याचा हात पैलवानाच्या पायापुढे टिकत नाही. तपासणारा हलला की कागदावर त्याचीच ताकद उतरते. दोन तपासणाऱ्यांचे आकडे जुळत नाहीत त्याचंही मोठं कारण हेच. उपाय सोपा आहे: माणसाऐवजी पट्टा लावा, म्हणजे पायाचा पट्टा यंत्राला आणि यंत्र भिंतीतल्या हुकला. डायनॅमोमीटर नसेल तर पोती तोलायचा डिजिटल लटकता काटा चालतो. फक्त सर्वांत मोठा आकडा पडद्यावर धरून ठेवण्याची सोय त्यात हवी. वापरण्याआधी पाच, दहा, वीस किलोच्या तबकड्या टांगून तो खरा आहे ना ते पाहा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये मोजणार असाल तर काटा अर्धा तास तिथेच ठेवा, मग शून्यावर आणा. घामाने पट्टा घसरतो, म्हणून पाय पुसून खाली कोरडा रुमाल घ्या.

आता मांडणी. खेळाडू टेबलावर उताणी, हात छातीवर. टेबलाची कड धरू द्यायची नाही. कड धरली की आकडा वाढतो, आणि पुढच्या वेळी ती धरेलच असं नाही. कंबरेवरून दुसरा पट्टा टेबलाला आवळा, नाहीतर ती हुकच्या दिशेने सरकते. रुंद पट्टा घोट्याच्या हाडाच्या पाच सेंटिमीटर वर बांधा. उजवा पाय बाहेर लोटायची ताकद मोजायची तर भिंतीतला हुक डाव्या हाताला हवा. डावा गुडघा वाकवून तळवा टेबलावर टेकवा, म्हणजे पट्टा त्याखालून मोकळा जातो. मांडी आत ओढायची ताकद मोजताना हुक उजव्या हाताला येतो. भिंतीत एकच हुक असेल तर खेळाडूने डोकं दुसऱ्या टोकाला करून झोपायचं.

पट्टा जमिनीला समांतर आणि पायाशी काटकोनात हवा. तो ३० अंश तिरका गेला तर काटा सुमारे १५ टक्के जास्त दाखवतो, आणि आपण खेळाडूला आहे त्याहून ताकदवान ठरवून मोकळे होतो.

आधी अर्ध्या जोराने दोन वेळा करून घ्या. मग पूर्ण जोराचे तीन प्रयत्न, प्रत्येक पाच सेकंदांचा, मध्ये किमान ३० सेकंद विश्रांती. झटका देऊ नका, जोर हळूहळू वाढवा; झटक्याचा आकडा काटा टिपतो, पण ती स्नायूची ताकद नसते. तिसरा प्रयत्न सर्वांत मोठा आला तर चौथा घ्या. पाय बाहेर लोटताना अंगठा बाहेर वळतो का, एका बाजूची कंबर वर चढते का, यावर नजर ठेवा. तसं झालं तर तो प्रयत्न बाद करा, कारण तिथे दुसरेच स्नायू मदतीला आलेले असतात.

नुसते किलो लिहून भागत नाही. खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यापासून पट्ट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने घ्या. समजा दोघींचा आकडा १५ किलो, म्हणजे सुमारे १४७ न्यूटन. पहिलीचं अंतर ०.७५ मीटर आणि वजन ६० किलो: ११० न्यूटन-मीटर, म्हणजे दर किलो वजनामागे १.८४. दुसरीचं अंतर ०.६८ मीटर आणि वजन ५० किलो: १०० न्यूटन-मीटर, म्हणजे दर किलोमागे २. काट्यावर बरोबरी दिसली तरी वजनाच्या मानाने दुसरी सरस आहे.

एकाच पायाचे आत-बाहेरचे आकडे मात्र तसेच भागता येतात, कारण अंतर दोन्हीकडे सारखंच. आत १२ किलो, बाहेर १६ किलो, म्हणजे ७५ टक्के. अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीपटूंवरचा २००१ सालचा अभ्यास सांगतो की हे प्रमाण ८० टक्क्यांखाली असलेल्यांना जांघेची दुखापत होण्याची शक्यता १७ पट होती. मात्र तो अभ्यास लहान होता आणि खेळही वेगळा. आपल्या मुलींना तो आकडा जसाच्या तसा लावू नका. ८० टक्क्यांखाली दिसलं की आतल्या स्नायूंच्या व्यायामाकडे लक्ष द्या, इतकंच. डाव्या-उजव्यातला पाच टक्के फरक मोजण्याच्या चुकीतही बसतो. आणि दोन्ही पाय सारखेच कमजोर असले तर तुलना काहीच सांगत नाही, म्हणून प्रत्येकीचा हंगामाआधीचा आकडा वहीत हवा. त्याशेजारी मोजण्याची स्थिती आणि पट्ट्याची जागाही लिहा.

हंगाम चालू असताना दर आठवड्याला हे सगळं जमणार नाही. तेव्हा खेळाडूला उताणी झोपवा, पाय सरळ, तुमचा हात कोपरापासून मुठीपर्यंत तिच्या दोन घोट्यांमध्ये धरा आणि पाच सेकंद पूर्ण जोराने दाबायला सांगा. जांघेत किती दुखलं ते शून्य ते दहामध्ये विचारा. दोनपर्यंत असेल तर खेळू द्या. तीन ते पाच असेल तर सराव कमी करून लक्ष ठेवा. सहा किंवा जास्त असेल तर त्या दिवशी तिला पाटीवर बसवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.